रिलीज पुढे नेण्याआधी परतीची वाट : नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

फर्मागुडी किंवा वेर्णा येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून पणजी, पर्वरी किंवा मडगावच्या एखाद्या लहान सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालेल्या तरुणाच्या किंवा तरुणीच्या अंगावर फार लवकर एक काम येते, ज्याचे शिक्षण अभ्यासक्रमात सहसा मिळालेले नसते : या वेळचे रिलीज तू सांभाळ. रिलीज म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचवणे. मोठ्या कंपन्यांत या कामासाठी स्वतंत्र माणसे असतात. दहा-पंधरा जणांच्या कंपनीत मात्र कोड लिहिणारा, तो तपासणारा आणि तो ग्राहकांपर्यंत पोहोचवणारा बऱ्याचदा एकच असतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

समजायला सोपे जावे म्हणून शेवटपर्यंत एकच उदाहरण धरले आहे. गोव्यातील लहान आणि मध्यम हॉटेलांना आरक्षणे, बिले आणि परदेशी पाहुण्यांच्या नोंदी यांसाठी लागणारे सॉफ्टवेअर तुमची कंपनी तयार करते आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या हॉटेलांच्या स्वागतकक्षात ते रोज वापरले जाते, असे समजा. माझे म्हणणे एवढेच आहे की रिलीजमधील धोका मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : एका वेळी किती बदल बाहेर जातो, आणि चूक दिसल्यावर तो किती लवकर मागे घेता येतो. कोड उत्तम असणे आवश्यकच आहे, परंतु उत्तम कोडमध्येही चुका राहतात. त्या चुकीचे नुकसान दहा मिनिटांत थांबते की दोन दिवस चालते, हे रिलीजच्या पद्धतीवर अवलंबून असते.

काय बाहेर जाणार आहे, ते लिहून काढा

मागील रिलीजनंतर मुख्य ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य प्रतीत) जे जे बदल मिसळले गेले, त्यांची यादी गिटच्या, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या, इतिहासातून काढावी आणि प्रत्येक बदलासमोर तीन गोष्टी लिहाव्यात : तो कोणी मागितला, कोणी तपासला, आणि नको झाला तर कसा काढायचा. तिसऱ्या रकान्यात "कोड मागे घेऊ" एवढेच लिहिलेले असेल, तर तो बदल करणाऱ्याला पुन्हा विचारावे. कोड मागे घेतल्याने डेटाबेसमधील फेरफार, बदललेली सेटिंग आणि पाहुण्याला गेलेला ईमेल आपोआप मागे येत नाहीत.

त्यानंतर त्या ठिकाणी गिटचा टॅग (नावाची खूण) लावून आवृत्तीला क्रमांक द्यावा. तीन अंकांची पद्धत बहुतेक ठिकाणी रूढ आहे : जुन्या वापरात मोडतोड करणारा बदल असेल तर पहिला अंक वाढतो, नवी सोय आली तर दुसरा, आणि केवळ दुरुस्ती असेल तर तिसरा. क्रमांक पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल अशी व्यवस्था करावी, म्हणजे कळंगुटहून फोन आला की समोरच्या माणसाला पहिला प्रश्न क्रमांकाचा विचारता येतो.

येथे एक नियम काटेकोरपणे पाळावा. ज्या बिल्डची (कोडपासून तयार केलेल्या, चालवण्याजोग्या संचाची) तपासणी झाली, नेमका तोच बिल्ड प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर, गेला पाहिजे. तपासणीनंतर त्याच कोडवरून पुन्हा बिल्ड केला, तर मधल्या दोन दिवसांत बाहेरच्या एखाद्या लायब्ररीची (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची) नवी आवृत्ती आत शिरू शकते, आणि मग तुम्ही न तपासलेली वस्तू ग्राहकाला देत असता.

जोखीम मोजताना काय विचारावे

जोखमीला एक ते दहा गुण देणारे तक्ते पुष्कळ मिळतात. नवख्या टीमने त्यांच्या मागे लागू नये, असे मला वाटते, कारण सात आणि आठ यांतला फरक कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी प्रत्येक बदलाबाबत दोन प्रश्न विचारावेत. हा बदल चुकला तर कोणाचे काम अडेल? आणि अडलेले काम पूर्ववत करता येईल का?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. अहवालाच्या पानावरील रंग चुकला तर तासाभराने दुरुस्त करता येतो. परंतु पाहुण्याच्या हातात पडलेले जीएसटीचे बिल, बँकेतून परत गेलेले पैसे, रद्द झालेल्या आरक्षणाचा एसएमएस आणि पुसली गेलेली नोंद यांना मागे आणता येत नाही. परदेशी पाहुण्यांची माहिती हॉटेलने २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. त्या भागात बिघाड झाला तर सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी नीट होईलही, पण हॉटेलमालकाची मुदत टळलेली असेल. अशा बदलांना वेगळी खूण करावी आणि त्यांना दुसऱ्या कशाच्याही सोबत बाहेर पाठवू नये.

प्रत्यक्षात हा विचार कसा करावा, ते एका खऱ्या बदलावरून पाहू. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दरांतील फेरबदल जाहीर केले आणि २२ सप्टेंबरपासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या हॉटेलच्या खोलीवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जाहीर झाल्यापासून अंमलबजावणीपर्यंत १९ दिवस होते. एक आकडा बदलायचा, इतकेच हे काम आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण शांतपणे बसून प्रश्न लिहू लागल्यावर यादी वाढत जाते. सर्व्हरचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर चालत असेल, तर त्याच्या लेखी २२ तारीख भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला सुरू होते. म्हणजे मध्यरात्रीपासून तोपर्यंत कापलेली सगळी बिले जुन्या दराने जातील. हॉटेलांचा व्यवहाराचा दिवस तर घड्याळाच्या बाराला संपतच नाही, तो नाइट ऑडिट, म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब बंद करण्याचे काम, झाल्यावर पुढे सरकतो. मग दर कोणत्या दिवसाप्रमाणे लावायचा? आगाऊ रक्कम आधी घेतलेली असून मुक्काम नंतर असेल तर काय करायचे? जुने बिल पुन्हा छापताना सॉफ्टवेअर कर नव्याने मोजते की बिलासोबत साठवलेला दर वाचते?

यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे प्रोग्रामरने देऊ नयेत. ती हॉटेलच्या सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावीत आणि त्या कामाच्या नोंदीत (तिकिटात) जोडावीत. जोखीम मोजणे म्हणजे मुख्यतः असे प्रश्न रिलीजच्या आधी, टेबलाभोवती बसून, विचारले जाणे होय.

बदल लहान करा

तीन महिन्यांचे काम साठवून एकदम बाहेर काढले, तर बिघाड झाल्यावर साठ-सत्तर बदलांपैकी दोषी कोणता, हे शोधण्यातच दिवस जातो. तेच काम आठवड्याला एक याप्रमाणे गेले, तर संशयित चार-पाचच राहतात. ब्रिटनमधील टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपली ग्राहकखाती जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत एकाच शनिवार-रविवारात हलवली. त्यानंतर लाखो ग्राहकांना आपली खाती नीट वापरता येईनात, आणि डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. टप्प्याटप्प्याने जाण्याचा मार्ग संथ वाटतो, पण त्यात प्रत्येक टप्प्यावर थांबता येते.

मोठे काम लहान करण्याचे रोजच्या वापरातील साधन म्हणजे फीचर फ्लॅग. नवा कोड प्रॉडक्शनवर जातो, पण एका सेटिंगने बंद राहतो. पुढे ते सेटिंग एकेका हॉटेलसाठी चालू करता येते. यामुळे कोड सर्व्हरवर पोहोचवणे आणि ती सोय लोकांच्या हाती देणे ही दोन कामे वेगळी होतात, आणि गडबड झाली तर नव्या डिप्लॉयची (कोड सर्व्हरवर चढवण्याची) वाट न पाहता सोय बंद करता येते. फ्लॅगचे स्वतःचे धोके आहेत. त्यांच्याकडे पुढे येतो.

तपासणीत खऱ्यासारखी माहिती वापरा

स्टेजिंग, म्हणजे तपासणीसाठीचा, सर्व्हर प्रॉडक्शनसारखाच असावा, हे सगळे सांगतात. सर्व्हरपेक्षाही त्यावरील माहिती खऱ्यासारखी असणे मला अधिक मोलाचे वाटते. ज्या स्टेजिंगवर सगळ्या पाहुण्यांची नावे "टेस्ट १", "टेस्ट २" अशी आहेत, तेथे काहीच सापडत नाही. खऱ्या हॉटेलात एकाच आडनावाचे चार फर्नांडिस एका दिवशी येतात, कोणाचे नाव देवनागरीत लिहिलेले असते, पोर्तुगीज नावातील अक्षरावर चिन्ह असते, रशियन पासपोर्टावरील नाव रकान्यात मावत नाही, आणि एक कुटुंब तीन खोल्या घेऊन बिल मात्र एकच मागते. अशा नमुन्यांचा संच एकदा मनापासून तयार करावा आणि प्रत्येक तक्रारीनंतर त्यात एका नमुन्याची भर घालावी. प्रॉडक्शनमधील माहिती जशीच्या तशी स्टेजिंगवर उतरवू नये. नावे, फोन क्रमांक आणि पासपोर्टचे तपशील बदलूनच घ्यावेत.

प्रत्येक लहान रिलीजआधी सगळे सॉफ्टवेअर हाताने तपासणे शक्य नसते. आरक्षण करणे, पाहुणा आत घेणे, बिल करणे, पैसे घेणे आणि पाहुणा बाहेर पाठवणे, एवढ्या पाच वाटा स्वयंचलित चाचण्यांनी दर वेळी तपासल्या जाव्यात. त्या अडल्या तर हॉटेल अडते.

डेटाबेस : येथे सर्वाधिक वेळ द्या

कोडची जुनी आवृत्ती परत आणणे काही मिनिटांचे काम आहे. डेटाबेसचे तसे नाही, कारण नव्या आवृत्तीने दरम्यान लिहिलेल्या नोंदी जुन्या कोडला कळत नाहीत. नवखे लोक येथेच अडचणीत येतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

वरच्याच कराच्या उदाहरणात, जुन्या रचनेत खोलीच्या टेबलमध्ये कराचा एकच रकाना आहे आणि त्यात १२ लिहिले आहे, असे समजा. आता दर तारखेनुसार हवा आहे, म्हणजे कोणता दर कधीपासून कधीपर्यंत, हे सांगणारे नवे टेबल हवे. घाईत असलेला माणूस एकाच मायग्रेशनमध्ये (डेटाबेसची रचना बदलण्याच्या कृतीत) नवे टेबल करतो, माहिती हलवतो, जुना रकाना काढतो आणि नवा कोड चढवतो. चालले तर उत्तम. न चालल्यास परतण्याची वाट उरलेली नसते, कारण जुना कोड ज्या रकान्यावर उभा होता तो रकानाच गेलेला असतो.

हेच काम पुढील क्रमाने करावे. पहिल्या रिलीजमध्ये फक्त नवे टेबल तयार करावे. त्याला अजून कोणी वाचत नाही. दुसऱ्यात कोडने दर बदलताना जुन्या आणि नव्या अशा दोन्ही जागी लिहावे, पण वाचताना जुनेच वाचावे. मग आधीच्या नोंदी नव्या टेबलात भराव्यात, आणि त्याही एका दमात न भरता हजार-हजारांच्या तुकड्यांत भराव्यात, म्हणजे टेबल अडकून स्वागतकक्षातील पडदा गोठत नाही. तिसऱ्या रिलीजमध्ये वाचन नव्या टेबलातून सुरू करावे, पण त्याच वेळी जुना रकानाही वाचून दोन्ही उत्तरे जुळतात का, ते पाहावे आणि न जुळल्यास लॉगमध्ये (सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत) नोंद करावी. आठवडाभर एकही तफावत आली नाही, की चौथ्यात जुन्या रकान्यात लिहिणे थांबवावे. जुना रकाना प्रत्यक्ष काढून टाकण्याचे काम सर्वांत शेवटी, काही आठवड्यांनी करावे. या सर्व टप्प्यांत खऱ्या अर्थाने न परतणारा टप्पा केवळ शेवटचा आहे, आणि तोवर त्या रकान्यावर कोणीही विसंबून नसते.

वेळ अधिक लागतो, हे खरे. १९ दिवसांच्या मुदतीत हे सगळे बसवायचे, तर नवा दर जाहीर झाला त्याच दिवशी काम सुरू करावे लागते आणि जुना रकाना काढणे मुदतीनंतरसाठी राखून ठेवावे लागते. मुदत आहे म्हणून मधले टप्पे गाळू नयेत.

मायग्रेशनआधी बॅकअप घ्यावा, हे सांगण्याची गरज नाही. सांगण्याची गरज आहे ती ही, की बॅकअप परत उतरवून पाहिल्याशिवाय तो आहे असे मानू नये. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसचीच माहिती पुसली गेली. बॅकअपच्या एकाहून अधिक व्यवस्था होत्या, परंतु रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्याने निष्फळ ठरत होता आणि तो निष्फळ ठरल्याची सूचना देणारे ईमेलही कोणाला पोहोचत नव्हते. अखेर सुमारे सहा तासांपूर्वी, वेगळ्याच कारणासाठी हाताने घेतलेल्या प्रतीवरून माहिती परत आणावी लागली आणि मधल्या काळातील नोंदी गेल्या. कंपनीने हे सर्व उघडपणे लिहून प्रसिद्ध केले, म्हणून आपल्याला त्यातून शिकता येते. महिन्यातून एकदा कालचा बॅकअप वेगळ्या सर्व्हरवर उतरवावा, त्यात लॉगइन करून कालची शेवटची पावती सापडते का ते पाहावे, आणि उतरवायला किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. तो आकडा हाती असेल तरच हॉटेलला किती वेळ थांबावे लागेल, हे तुम्ही खात्रीने सांगू शकता.

दिवस आणि वेळ

सॉफ्टवेअरच्या जगात मध्यरात्री रिलीज करण्याची जुनी सवय आहे. हॉटेलांसाठी ती वाईट आहे, कारण त्याच वेळी नाइट ऑडिट चालू असते, दिवसाचा हिशेब बंद होत असतो, आणि स्वागतकक्षात एकटा माणूस असतो. सकाळी दहा ते बारा निघणाऱ्यांची बिले असतात, दुपारी दोन-अडीचपर्यंत येणाऱ्यांची गर्दी असते, संध्याकाळनंतर रेस्टॉरंट सुरू होते. उरते ती दुपारी चारच्या सुमाराची वेळ, तीही मंगळवारी किंवा बुधवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी टीम कार्यालयात असते. शुक्रवार टाळावा, शनिवार-रविवार हे गोव्यातील हॉटेलांच्या गर्दीचे आणि तुमच्या सुटीचे दिवस एकच आहेत.

वर्षाचाही विचार करावा. ऑक्टोबरपासून पर्यटनाचा हंगाम चढत जातो, नोव्हेंबरात इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, आणि नाताळ ते नववर्ष या दिवसांत बहुतेक हॉटेले भरलेली असतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अत्यावश्यक दुरुस्त्यांखेरीज काहीही बाहेर न पाठवण्याचा ठराव करावा आणि तो हॉटेलांना आधी कळवावा. पावसाआधी जसे छप्पर शाकारून घेतात, तशी मोठी आणि जोखमीची कामे हंगामाआधी, जून ते ऑगस्टमध्ये उरकावीत; मात्र त्या महिन्यांत वीज आणि इंटरनेट खंडित होण्याचे प्रकार वाढतात, हे धरून चालावे आणि डिप्लॉयची आज्ञा स्वतःच्या लॅपटॉपवरून न देता सर्व्हरवरील यंत्रणेकडूनच चालवावी, म्हणजे मध्येच जोडणी तुटली तरी काम अर्धवट राहत नाही. चवथीच्या दिवसांत तर टीममधील अर्धी माणसे आपापल्या मूळ गावी असतात. चवथीच्या आदल्या आठवड्यात रिलीज ठेवू नये.

रिलीजच्या दिवशी

त्या दिवशी कोणतीही गोष्ट आठवून करावी लागू नये. क्रमवार टिपण आधीच लिहिलेले असावे : कोणती आज्ञा, कोण देणार, कोणते उत्तर अपेक्षित, न आल्यास काय करायचे. टिपण लिहिणाऱ्याने ते दुसऱ्याच्या हाती देऊन स्टेजिंगवर एकदा चालवून घ्यावे. जेथे तो थबकेल तेथे टिपण अपुरे आहे. त्या टिपणात मागे येण्याची कृतीही तितक्याच तपशिलाने असावी आणि तीही स्टेजिंगवर करून पाहिलेली असावी. दोन माणसे असावीत, एक कृती करणारा आणि एक पाहणारा, आणि मागे यायचे की नाही हा निर्णय पाहणाऱ्याकडे असावा, कारण ज्याच्या हातून काम चालले आहे त्याला "अजून पाच मिनिटे देऊ, जमेल" असे वाटत राहणे स्वाभाविक आहे.

सर्वांना एकदम देऊ नये. प्रथम आपल्या कार्यालयातील चाचणीचे खाते, मग विश्वासातील आणि फोन उचलणारी दोन-तीन हॉटेले, दुसऱ्या दिवशी सुमारे दहा टक्के, मग उरलेली. पहिल्या हॉटेलांत एक नाइट ऑडिट पूर्ण झाल्याशिवाय पुढचा टप्पा देऊ नये, कारण काही चुका दिवस बदलतानाच उघड होतात.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष माहिती-फाइल पाठवली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती सुटली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, आणि भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. मुख्य सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने घेण्याची सोय ग्राहकांना होती. परंतु ही फाइल त्या सोयीच्या बाहेर होती आणि सर्वांना एकदम गेली. कंपनीने फाइल मागे घेतली तरी बंद पडलेले संगणक सुरूच होत नव्हते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी माणसाला यंत्रासमोर बसून ती काढावी लागली. म्हणून सेटिंग, दरांची फाइल, छपाईचा नमुना यांनाही रिलीजच समजावे आणि तेच टप्पे लावावेत. "कोड नाही, नुसते कॉन्फिगरेशन आहे" हे वाक्य ऐकू आले तर तेथेच थांबून चौकशी करावी.

मोबाइल अ‍ॅप असेल तर परतीची वाट आणखी अरुंद असते. गूगल प्लेवर टक्केवारी ठरवून अ‍ॅप देता येते आणि मध्येच थांबवता येते, पण ज्यांच्या फोनवर ते गेले त्यांच्याकडून परत घेता येत नाही. त्यांना वाढीव क्रमांकाची नवी आवृत्तीच द्यावी लागते. अ‍ॅपलच्या टप्प्यांच्या पद्धतीत आपोआप अद्ययावत होणाऱ्या फोनांपैकी पहिल्या दिवशी १ टक्का, मग २, ५, १०, २०, ५० आणि सातव्या दिवशी सर्व, असा क्रम असतो. दोन्ही सोयी वापराव्यात आणि अ‍ॅपमधील जोखमीचा भाग सर्व्हरवरून बंद करता येईल असा ठेवावा.

मागे येण्याचा निर्णय

मागे कधी यायचे, हे आकड्यांत आणि आधी ठरवावे. उदाहरणार्थ : पंधरा मिनिटांत बिलांच्या शंभर विनंत्यांपैकी दोनपेक्षा अधिक अयशस्वी झाल्या, किंवा एकाही हॉटेलात कराची रक्कम चुकली, तर चर्चा न करता मागे यायचे. हे आकडे प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या आकड्यांवरून ठरवावेत, आणि त्यासाठी सामान्य दिवशी किती चुका होतात ते माहीत असले पाहिजे. सर्व्हर चालू आहे एवढे पाहणे पुरेसे नाही; तासाला किती बिले निघत आहेत, ते पाहावे. सर्व्हर ठणठणीत असून बिले शून्यावर आली, तर काहीतरी बिनसले आहे. आधी मागे यावे, बिघाडाचे कारण नंतर शोधावे.

या नियमाला एक महत्त्वाची पुरवणी जोडावी लागते, आणि ती अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीच्या प्रकरणातून समजते. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांचा नवा कोड आठ सर्व्हरांपैकी सातांवरच पोहोचला होता. आठव्यावर, २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड तसाच पडून होता. नव्या सोयीसाठी त्यांनी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला होता. बाजार उघडताच त्या फ्लॅगने आठव्या सर्व्हरवर जुना कोड जागा केला आणि तो भराभर खरेदी-विक्रीचे आदेश पाठवू लागला. त्यांनी मागे येण्याचा प्रयत्न केला, सातही सर्व्हरांवरून नवा कोड काढला. पण फ्लॅग चालूच राहिल्याने आता त्या सातांवरही जुना कोड चालू लागला आणि नुकसान वाढले. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४६ कोटी डॉलरहून अधिक गमावले. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने या बिघाडाकडे बोट दाखवणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते, परंतु त्यांना इशारा समजून कोणी पाहिले नव्हते.

यातून तुमच्या टिपणात तीन ओळी वाढतात. डिप्लॉयनंतर प्रत्येक सर्व्हरवरील आवृत्तीचा क्रमांक वाचून सगळे जुळतात का, ते पाहावे. मागे येताना कोड, फ्लॅग आणि सेटिंग या तिन्ही गोष्टी मागील स्थितीला न्याव्यात. आणि इशारा कोणाच्या फोनवर वाजणार, हे नाव घालून लिहावे. सर्वांना जाणारा ईमेल कोणाचाच नसतो.

हॉटेलांना कळवणे

संदेश छोटा असावा, आणि स्वागतकक्षात बसलेल्या माणसाला त्याने नेमके काय करायचे ते त्यात असावे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नमुना असा :

"नमस्कार. बुधवारी दुपारी ४ ते ४.३० या वेळेत बिल छपाई पाच मिनिटांपर्यंत थांबू शकते. आरक्षणे चालू राहतील. त्यानंतर बिलावर कराचा दर वेगळ्या ओळीत दिसेल. रक्कम चुकीची वाटल्यास बिल पाहुण्याला देऊ नये आणि लगेच या क्रमांकावर फोन करावा."

बिघाड झाल्यास दर अर्ध्या तासाने कळवत राहावे, नवीन काही नसले तरीही. कोणता दोष होता, हे त्यांना त्या क्षणी नको असते. हाताने पावती लिहायची की थांबायचे, एवढे हवे असते. हे आपल्या कामाचे दुय्यम अंग आहे असे समजू नये, कारण पाहुण्याच्या समोर उभा राहून बोलणी ऐकणारा माणूस तुम्ही नसता, तो स्वागतकक्षातील कर्मचारी असतो.

रिलीजनंतर

दोन-तीन दिवसांत अर्धा तास बसून काय घडले ते वेळेच्या क्रमाने लिहावे. कोणी चूक केली हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ती चूक इतक्या सहज कशी करता आली, हा विचारावा, म्हणजे माणसे खरे सांगतात. चार आकडे नियमित नोंदवावेत : किती वेळा रिलीज होते, कोड लिहिल्यापासून ग्राहकाकडे पोहोचायला किती दिवस लागतात, किती रिलीज मागे घ्यावी लागतात, आणि बिघाडानंतर पूर्ववत व्हायला किती वेळ जातो. त्यांचा उपयोग टीमने स्वतःची मागच्या तिमाहीशी तुलना करण्यासाठी करावा. एका माणसाचे मूल्यमापन त्यांवरून करू नये.

आणि फ्लॅगांची साफसफाई. नवी सोय सगळ्या हॉटेलांत महिनाभर नीट चालली, की तिचा फ्लॅग आणि त्यामागचा जुना कोड काढून टाकावा. हे काम सगळे पुढे ढकलतात, म्हणून ते माणसांच्या आठवणीवर सोडू नये. सर्व फ्लॅगांची एकच फाइल ठेवावी, प्रत्येकासमोर जबाबदार माणसाचे नाव आणि काढण्याची तारीख फ्लॅग तयार करतानाच लिहावी, जुने नाव नव्या सोयीसाठी पुन्हा वापरण्यास मनाई करावी, आणि तारीख उलटून गेलेला फ्लॅग फाइलीत आढळल्यास बिल्डच अडेल अशी तपासणी लावावी.